माझ्या पोटातले वीस लिटर

मी कॅन बोलतोय. केमिस्ट्रीच्या लॅबमधला, सिंकखालचा, निळा, वीस लिटरचा. माझ्यावर ‘टाकाऊ द्रावक’ अशी चिठ्ठी आहे. ती वाचून लोक नाक मुरडतात, पण मला तिचा अभिमान आहे.

सेकंड इयरची मुलं संत्र्याच्या सालीतून तेल वेगळं करायची. चमचाभर तेलासाठी हेक्झेन नावाचं द्रावक मात्र बाटल्याच्या बाटल्या! उरलंसुरलं सगळं माझ्या घशात. आठवड्याभरात मी तुडुंब. लॅबचे मामा मला ओढताना शिव्या घालायचे. काय सुखाचे दिवस होते!

मग नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी माझ्या पोटावरच पाय दिला. त्यांच्या प्रयोगात हेक्झेन नाहीच. नळीत साली आणि ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, घालायचा, झाकण लावायचं, नळी कोमट पाण्यात उभी करायची. आतला बर्फ पातळ होतो, सालीतलं तेल ओढून घेतो आणि स्वतः वायू होऊन निघून जातो. मागे फक्त तेल. कधीकधी झाकण उडून छताला आपटतं आणि मुलं टाळ्या पिटतात. मला मात्र थेंब नाही.

विभागप्रमुख सरांना हा पोरखेळ वाटला. ते मॅडमना म्हणाले, “टाकाऊ काही उरत नाही म्हणता ना? एक महिना करून बघा. महिनाअखेर कॅन भरलेला दिसला, तर जुना प्रयोग परत सुरू.” मी मनातल्या मनात सरांच्या पाया पडलो.

आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवसापासून मुलं मला भरवू लागली! कोमट, बेचव, बिनवासाचं काहीतरी. मॅडम उडत्या झाकणांमागे धावण्यात गुंतलेल्या. मीही चौकशी न करता ढोसत राहिलो.

महिनाअखेर सर आले. मला हलवून बघितलं, तर मी ढिम्म. “भरलाय की हो!” मॅडमचा चेहरा पार उतरला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला माझ्या खादाडपणाची भयंकर लाज वाटली.

मामांनी झाकण उघडून वास घेतला. “साहेब, हे पाणी आहे.”

“पाणी?”

“नळ्या बुडवायचं पाणी,” एक चष्मेवाली चाचरत म्हणाली. “सर, तुम्हीच पहिल्या दिवशी बजावलं होतं ना, सिंकमध्ये एक थेंबही ओतायचा नाही!”

मॅडमना हसून हसून स्टुलावर बसावं लागलं. सर हसले नाहीत. पण जुन्या प्रयोगाचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवरून काढला.

माझ्यात पडलं ते टाकाऊच, असा नियम. म्हणून आता मी अंगावर कवटीचं चित्र लावून घातक कचरा नेणाऱ्या गाडीची वाट बघतोय. दोन माणसं हातमोजे घालून वीस लिटर साधं पाणी जपून नेणार आहेत. परत आलो तर एवढं करा, पोरांनो: मला खुशाल उपाशी ठेवा. मॅडमचा तो उतरलेला चेहरा मला पुन्हा बघवणार नाही.