दाराकडे पाठ

‘सोबतिणीने बाळंतिणीच्या उशाशी, बुटक्या स्टुलावर, दाराकडे पाठ करून बसावे.’ तपासायला आलेल्या शोधनिबंधातल्या या वाक्यापाशी डॉक्टरांचं बोट थांबलं. चहावर साय धरली तरी ते तिथंच होतं. नेहमीप्रमाणे ते दाराकडे तोंड करून मांडलेल्या खुर्चीत बसले होते. न जाणो, कुणी आलंच तर!

शोधनिबंध कुणाचा हे त्यांना ठाऊक नसायला हवं होतं. गरीब देशांतल्या आया-बाळांच्या आरोग्यावरचं ते नियतकालिक प्रत्येक निबंध छापण्याआधी एखाद्या जाणकाराकडे तपासायला पाठवी, तेही लेखकाचं नाव काढून. तपासणारा कोण, हे लेखकालाही कळत नसे. दवाखाना बंद केल्यापासून डॉक्टरांना एवढंच काम उरलं होतं. फुकटचं होतं, पण निदान कुणीतरी मत विचारत होतं.

स्टूल मात्र ओळखीचं निघालं. त्यांची बायको त्यांच्याच दवाखान्यात नर्स होती. कळा सुरू झाल्या की ती बाईच्या उशाशी अश्शीच बसायची. “येणारे-जाणारे दिसले की जीव घाबरतो हो. एकच चेहरा दिसू दे तिला,” म्हणायची. डॉक्टर रोज त्या स्टुलाला अडखळायचे आणि रोज करवादायचे. हे बघत बघत मोठं झालेलं माणूस जगात एकच होतं. शाळा सुटली की कोपऱ्यात बसून पाढे लिहिणारी त्यांची मुलगी.

पुढे मुलगी डॉक्टर झाली, पण दवाखाना सांभाळायला नाही म्हणाली. खेड्यापाड्यांत फिरून तिला अभ्यास करायचा होता. “कागद काळे करून बाळंतपणं होत नाहीत,” असं डॉक्टर चारचौघांत म्हणाले. त्यानंतर ती आली ती फक्त आई गेली तेव्हा, आणि त्याच संध्याकाळी परत गेली.

नियमाप्रमाणे निबंध तसाच परत करायला हवा होता. डॉक्टरांनी तो तीनदा वाचला. सोबतीण असली की बायका कमी घाबरतात, ऐनवेळी मोठ्या दवाखान्यात हलवायची वेळ कमी येते, हे पोरीनं पुराव्यानिशी दाखवलं होतं. काय सुरेख काम होतं! ते अभिप्राय लिहायला बसले आणि हात आवरेना. इतक्या वर्षांनी लेकीशी बोलायला मिळत होतं, तेही पडद्याआडून. हा खोटेपणा आहे हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

दोन पानं झाल्यावर मात्र त्यांचं मन खाऊ लागलं. बापानंच निबंध पास केला हे पुढे उघडकीला आलं, तर ते तिच्याच अंगाशी यायचं. त्यांनी नियतकालिकाच्या कार्यालयात फोन लावला.

“हा निबंध मला तपासता येणार नाही. लेखक माझ्या ओळखीतला आहे.”

“थांबा हं सर, बघते.” फोनवरची मुलगी नवीन होती. जरा वेळानं ती एकदम ओरडलीच, “अगंबाई! सॉरी सर, माझाच घोळ झालाय. लेखक दोन याद्या देतात ना, कुणाकडे पाठवा आणि कुणाकडे पाठवू नका. मी दुसऱ्या यादीतून नाव उचललं. तुमचं.”

डॉक्टरांनी लिहिलेली दोन पानं उलटी करून ठेवली.

“सर? मनाला लावून घेऊ नका. कारण म्हणून लोक काय वाट्टेल ते लिहितात. जुनी भांडणं, वैर, पानंच्या पानं!”

“माझ्यापुढे काय लिहिलंय?”

“सांगायचं नसतं खरं तर...” ती घुटमळली. “एकच शब्द आहे सर. ‘वडील’.”

लेकीला भांडण लिहिता आलं असतं, अपमान लिहिता आला असता. तिनं नियमापुरतं नातं लिहिलं होतं. त्या एका शब्दात ते माया शोधू लागले, आणि ती सापडली की नाही हे त्यांनाच सांगता येईना.

“तुम्ही काही लिहिलं असेल तर फाडून टाका हं सर. की एखादी सूचना कळवू? नाव न घालता?”

एक सूचना होती. निबंधात स्टुलाची उंची दिली नव्हती. सोबतिणीचे डोळे बाळंतिणीच्या डोळ्यांच्या पातळीला यायला हवेत, नाहीतर सगळं फुकट.

“नको,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्या कुणाला तरी द्या. पण चांगल्या माणसाला द्या, बाळा.”

त्यांनी दोन्ही पानं फाडली. दवाखाना बंद करताना घरी आणलेलं ते स्टूल स्वयंपाकघरात पडलं होतं. ते पुसून त्यांनी बायकोच्या रिकाम्या पलंगाच्या उशाशी आणून ठेवलं, आणि दाराकडे पाठ करून त्यावर बसले. दिवा लावायची वेळ झाली तरी उठले नाहीत.