चालणारी जोडी

शेवंती नववीत गेली तशी तिला वाटायला लागलं, जगात आपल्याला न जमणारं असं काही उरलेलंच नाही. म्हणून भांडुपच्या त्यांच्या चाळीत शेजारच्या सुगंधामावशींनी नातीच्या कुंचीची लेस अर्धवट टाकली, तेव्हा ती तरातरा त्यांच्या खोलीत घुसली.

"मावशी, मी विणते ना! झकास!"

"नको गो बाय. बारशाची कुंची आजीच्या हातचीच हवी."

मावशी ही लेस गावच्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या. गोल उशीवर टाचण्या टोचलेल्या, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला पेन्सिलीएवढी लाकडी बॉबिन. दोन-दोन बॉबिनची एक जोडी; बाकीच्या जोड्या आपापल्या जागी, एकच जोडी सगळ्यांमधून आडवी चालणारी. ती ओळखू यावी म्हणून तिला लाल दोरा बांधलेला. पण मोतीबिंदूमुळे मावशींना लाल काय नि पांढरं काय, सगळं धुकंच. भलतीच जोडी हाती यायची आणि नक्षी बिघडायची.

"उजेडच कमी आहे," शेवंतीने निकाल दिला आणि उशी उचलून दारात नेली. उचलण्याआधी बॉबिन फडक्यात गुंडाळून टाचून ठेवायच्या असतात, हे ती साफ विसरली. खडखड खडखड! सगळ्या एकमेकींच्या गळ्यात.

"काय गो वाजलं?"

"वाट लागली, मावशी."

मावशी ओरडल्या नाहीत. "ऱ्हवू दे. मुलुंडच्या बाजारातून तयार आणू," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेवंतीने उशी पुन्हा पुढ्यात ओढली.

दुपारभर ती गुंता सोडवत बसली. मग डोळे मिटून बॉबिन चाचपल्या. सगळ्या सारख्याच गुळगुळीत! ती ताडकन उठली, धडाधड जिना उतरून भाऊरावांच्या सायकलच्या दुकानात.

"काका, व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा द्या ना!"

त्या रबरी नळीच्या बारीक रिंगा कापून तिने लाल दोऱ्याच्या, चालणाऱ्या जोडीच्या गळ्यात चढवल्या. "मावशी, हात लाव ना."

मावशींची बोटं फिरत फिरत रबरावर अडली.

"ही गो! हीच माझी चालणारी!"

टकटक टकटक सुरू झालं. शेवंती मदतीला सरसावली, तर मावशींनी तिच्या हातावर चापट मारली. अंधारून आलं तशी शेवंतीने दिवा लावला.

"घालव तो. डोळ्यांत जातो मेला," मावशी हात न थांबवता म्हणाल्या. "आणि बडबडू नको. नक्षी चुकते माझी."

शेवंतीने दिवा घालवला आणि तोंडावर हात ठेवून ती मावशींच्या गुडघ्याला टेकून बसली.