मनोऱ्याची रेघ

धाकटीने मनोऱ्याचं चित्र पुन्हा एकदा टराटरा फाडलं. प्रकाशकाला भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते हवे होते, आणि तेही जुन्या वळणाचे, लाकडी ठशांवरून छापल्यासारखे. तिने कागद कॉफीत भिजवून पिवळे केले, कोपरे झिजवले, शाई पातळ केली. तरी प्रकाशकाचं तुणतुणं एकच, "कागद म्हातारा झाला, पण रेघ अजून कॉलेजात जाते." वाक्य चांगलं होतं, म्हणून तर तिचा जास्तच जळफळाट झाला. आता मनोरा पसंत पडला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

त्यात बाबा. जन्मभर पुलांचे नकाशे काढलेला माणूस. पट्टी खोटी ठरेल पण यांची रेघ नाही, असं ऑफिसातले लोक म्हणायचे. निवृत्तीनंतर हात थरथरायला लागला तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. हात थांबेल या आशेने जीव की प्राण असलेली कॉफीही सोडली. घरात कॉफी आता फक्त कागदांना मिळायची, आणि बाबा दिवसभर लेकीच्या मानगुटीवर बसायचे.

"मनोरा डावीकडे कललाय."

"पडतोच आहे तो, बाबा. त्या पत्त्यात मनोरा पडतो."

"पडायच्या आधी तरी सरळ असेल ना?"

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. पेन त्यांच्यापुढे आपटून ती म्हणाली, "मग तुम्हीच काढा."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण बाबांनी पेन उचललं होतं. श्वास रोखून त्यांनी मनोरा काढला, खिडक्या काढल्या, वीज काढली. प्रत्येक रेघ कापत, अडखळत, तरी जिथे जायची तिथेच गेली. मग आपल्याच रेघांकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. ते उठून आतल्या खोलीत गेले.

धाकटी मात्र बघतच राहिली. इतके दिवस जी रेघ हाताला लागत नव्हती, ती समोर होती. तिने फोटो पाठवला. प्रकाशकाचं लगेच उत्तर आलं, "हीच. उद्या मूळ चित्र घेऊन ये."

आता बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुमचा हात थरथरतो म्हणून चित्र आवडलं? तिने अर्धंच सांगितलं. "बाबा, तुमचा मनोरा पसंत पडला. बाकीचे पत्तेही तुम्हीच काढायचे." बाबा नुसते हुं म्हणाले, पण जेवताना त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

सकाळी बघते तर मनोरा ताठ उभा. पहाटे उठून बाबांनी पट्टी लावून एकेक रेघ जाड आणि सरळ केली होती.

"बाहेर जाणार म्हटल्यावर जरा नीट करून ठेवला," ते खुशीत म्हणाले.

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. रडावं की ओरडावं तिला कळेना. शेवटी ती ओरडलीच. "कोणी सांगितलं होतं नीट करायला? मला ती थरथरच हवी होती, बाबा. ती मला येत नाही. कितीही घासलं तरी येत नाही."

बाबा टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत राहिले. आपण त्यांना दुखावलं, असं धाकटीला वाटलं.

"हे काल बोलायला काय झालं होतं?" ते करवादले. "मान मोडून पट्टी चालवली मी."

त्यांनी पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि कोरा कागद पुढे ओढला.

"कॉफी कर. कडक. ती प्यायली की हात जास्त हलतो."