मिस्त्रीचा कान

शमशुद्दीन मिस्त्रीच्या कानाचा उभ्या कोल्हापुरात बोलबाला होता. सळईचं एक टोक यंत्राला लावायचा, दुसरं कानाला, आणि आत काय बिघडलंय ते बसल्या जागी सांगायचा. पण तीस वर्षं कारखान्यातले घण ऐकून तो कान कामातून गेला होता. मोठं बोलणं कळे, बारीक आवाज बिलकुल नाही. दोन वर्षं हा बाबा ते लपवून होता. सांगतोय कशाला! कान गेला म्हटल्यावर मिस्त्रीला विचारतो कोण?

अठ्ठावन्न साली उचगावजवळ ऑक्सिजनचा कारखाना निघाला. तिथं वायू इतका गार करायचे की त्याचा पाण्यासारखा द्रव होई. पंपाच्या बेअरिंगला तेल वर्ज्य, कारण ऑक्सिजनला तेल लागलं की भडकाच. तोच गार द्रव बेअरिंगमधून फिरे, तेच त्याचं वंगण. पंप पुरता गार व्हायच्या आत चालवला, तर द्रव बेअरिंगमध्येच उकळे. मग बुडबुडे फुटत आणि धातू कुरतडत.

तिथल्या यंत्रांची देखभाल मिस्त्रीकडं होती आणि पंपावर लालासाब होता, त्याचा जावई. एके सकाळी त्यानं सुरू झालेला पंप थांबवला.

"मामू, आत लाह्या फुटाय लागल्यात. अजून गार झाला न्हाय त्यो. बेअरिंग जाईल."

मॅनेजर सयाजीराव तणतणत आले. "दारात ऑक्सिजन न्यायला गाड्या उभ्या हायत! मिस्त्री, तुम्हीच बघा. तुम्ही म्हणाल ते."

पंप पुन्हा चालू केला. मिस्त्रीनं सळई कानाला लावली. काहीच नाही. 'मला ऐकू येत न्हाय' एवढे चार शब्द बोलायचे होते, पण मेली जीभ रेटेना.

"झकास हाय," तो म्हणाला. "चालू द्या."

लालासाबनं सासऱ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पंपापाशी जाऊन उभा राहिला.

अर्ध्या तासात बेअरिंग जाम झालं, धातूवर धातू घासला, ठिणगी पडली. त्या ऑक्सिजनमध्ये लोखंडसुद्धा जळालं, तिथं माणसाची काय कथा! लालासाबचं तोंड बघायला त्याच्या बायकोला, सलमाला, कुणी जाऊ दिलं नाही.

दफन उरकून मिस्त्री घरी आला आणि लेकीपुढं मटकन खाली बसला. धाय मोकलून रडला.

"सलमा, मला ऐकू येत न्हाय गं. दोन वर्सं झाली. मीच खाल्लं त्याला."

सलमा जवळ सरकली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, त्याला कळेल एवढ्या मोठ्यानं बोलली.

"ठाव हाय, अब्बा. त्यास्नीबी ठाव हुतं. चारचौघांत तुमची अब्रू कशी घालवायची, म्हणून गप ऱ्हायले."