माझ्या पोटातला स्पंज

मी एक जुना मोजा आहे. पायातला नव्हे, मित्रांनो. तसला असतो तर केव्हाच फाटून चुलीत गेलो असतो. मी बेसबॉलच्या कॅचरचा, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणाऱ्याचा, डाव्या हातातला जाडजूड कातडी मोजा. टॅनर्स फोर्ड गावी लूडी हॉर्न्याकच्या तळघरात एका खिळ्याला मी टांगलेला आहे. माझा अंगठा उंदरांनी खाल्ला. बाकीचा त्यांनी सोडून दिला, कारण माझ्यात जे मुरलं आहे ते उंदरांनाच काय, माणसांनाही पचलेलं नाही.

माझं कातडं एका तांबड्या बैलाचं. त्या बैलाने एकदा मालगाडी अडवून धरली होती, असं मला शिवणारी बाई शेजारणीला सांगत होती. कुठली मालगाडी ते तिला आठवेना, म्हणून मीही फार ताणत नाही. लूडीने मला घरी आणलं तेव्हा मी फळीसारखा ताठ होतो. त्याने मला तेल चोळलं, पोटात एक चेंडू ठेवून दोरीने करकचून बांधलं आणि गादीखाली सरकवलं. मोज्याला हाताचं वळण लावतात ते असंच. तिसऱ्या दिवशी त्याची बायको व्हेरा वैतागली.

"या घरात तुझी बायको कोण? मी की हा?"

"तूच गं. पण याला अजून वळण लागायचंय."

"आणि मला लागलं वाटतं!"

आमचं मैदान पोलादाच्या कारखान्याला लागून होतं. महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती आणि गावाच्या संघात दोन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, होते, एमेट पर्सेल आणि डेल विकर. आमच्याकडे सामना जिंकला की जीत पिचरच्या नावावर लागते आणि हरला की हारही त्याच्याच. मैदानात उभे असलेले बाकीचे काय करत होते, हे कोणी विचारत नाही.

एमेट चेंडू फेकायचा तेव्हा माझ्या पोटात तो असा आपटायचा की नदीपलीकडचा पाद्री दार वाजलं म्हणून उघडायला उठायचा. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तो वारला आहे, पण विचारा. एमेट असला की लूडी माझ्या आत, तळव्यापाशी, एक पिवळा स्पंज घालायचा. घातला नसता तर चौथ्या डावाला त्याला हात उचलता आला नसता. डेल असला की स्पंज लागायचाच नाही. डेलचे चेंडू मुळी माझ्यापर्यंत यायचेच कमी. फलंदाज ते मधल्यामधे उचलून उंच भिरकावायचे.

तरीही डेल जिंकायचा आणि एमेट हरायचा. का, ते ऐका. एमेटचा चेंडू कोणाच्या बॅटला लागलाच तर मेल्यासारखा जमिनीवरून सरपटत जायचा. पण आमचं मैदान भट्टीच्या खडीवर केलेलं. चेंडू खड्यावर उडे आणि ओटोच्या कानाजवळून निघून जाई. हा ओटो आमचा मधल्या जागेवरचा क्षेत्ररक्षक. सामन्याआधी तो भट्टीवर आठ तास उभा असायचा, त्यामुळे त्याचे गुडघे वाकायचे ते चेंडू गेल्यावर. उलट डेलला मारलेले चेंडू आभाळात जायचे. तिथे नदीचा वारा कारखान्याचा धूर मैदानात ढकलत असायचा, तो त्या चेंडूंनाही मागे ढकलायचा आणि ते वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लटकून अलगद आमच्या पोरांच्या हातात पडायचे. ऑगस्टअखेर धावफलकाशेजारच्या पाटीवर लिहिलं होतं: विकर, पंधरा जिती, चार हारी. पर्सेल, सात जिती, तेरा हारी.

माझ्यापर्यंत आलेला चेंडू पिचरचा, मित्रांनो. बॅटला लागलेला चेंडू अर्धा पिचरचा, उरलेला वाऱ्याचा, खड्यांचा आणि ओटोच्या गुडघ्यांचा. पण मोज्याला कोण विचारतो?

मग बातमी आली. मोठ्या संघाचा माणूस दोघांना बघायला येणार होता, आणि दोघांतला एकच नेणार होता. एमेटचा बाप भट्टीवर भाजून गेलेला. भट्टीपासून सुटायची एमेटला ही एकच वाट होती, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बेसबॉलवाले फार श्रद्धाळू. लूडी मैदानावरची चुन्याची रेघ कधी तुडवायचा नाही, ओटो जिंकलेले पायमोजे धुवायचा नाही. त्या ओटोलाच एके दिवशी साक्षात्कार झाला.

"स्किप, बघा तुम्ही," तो आमच्या म्हाताऱ्या कप्तानाला म्हणाला. "स्पंज असला की आपण हरतो. स्पंज नसला की जिंकतो. अवदसा त्या स्पंजात आहे!"

स्किपने तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "तेरा वेळा?"

"तेरा वेळा."

"अरे, स्पंज घालतो कारण एमेट फेकतो," लूडी म्हणाला.

"आणि हरतो कारण स्पंज घालतोस," ओटो म्हणाला. "एमेटचं भलं बघवत नाही का तुला?"

खरं सांगायचं तर लूडीलाही ते थोडं पटलं. रेघ न तुडवणारा माणूस तो. ओटोने स्पंज नेला आणि भट्टीत टाकला.

पुढचे तीन सामने एमेटचे चेंडू मी आणि लूडीच्या तळव्याने उघड्यावर सोसले. हात पुरीसारखा फुगला, बोटं काळीनिळी झाली. लूडीने हात लपवला. हात बघितला असता तर स्किपने त्याला बसवलंच असतं. पण पाहुणा आला त्या दिवशी सामन्याआधी कॉफीचा पेला त्याच्या हातून निसटला आणि एमेटने ते पाहिलं.

"काय झालं रे हाताला?"

"चावलं काहीतरी."

"मीच ना?"

"तू फेक रे बाबा. सगळ्या जोराने फेक. आज नाही तर कधी?"

एमेट हसला. पहिला चेंडू माझ्यात पडला आणि मी हबकलो. तो मऊ होता. दुसराही मऊ. लूडी मूठ आवळून खुणावत होता, जोरात, जोरात! पण एमेट त्याच्या हाताकडे बघून फेकत राहिला. फलंदाजांनी त्याला धू धू धुतला. त्या हारीत खड्यांचा दोष नव्हता, वाऱ्याचा नव्हता, ओटोच्या गुडघ्यांचाही नव्हता. सबंध उन्हाळ्यातली तेवढी एकच हार एमेटची स्वतःची होती, आणि नेमकी तीच पाहुण्याने पाहिली.

दुसऱ्या दिवशी डेल खेळला. वारा आमच्या बाजूचा होता. जिंकलो.

"पाटीवरचे आकडे खरे निघाले म्हणायचे," गवती टोपीखालून पाहुणा म्हणाला. मग लूडीकडे वळला. "कॅचर, तू दोघांनाही झेलतोस. तुझं काय मत?"

लूडीचा डावा हात खिशात होता. तो बाहेर काढून दाखवायचा, एवढंच करायचं होतं. मी त्याच्या काखेत होतो. पण हात दिसला की स्किप बसवणार, हेच त्याच्या डोक्यात होतं.

"आकडे तर तुमच्या समोरच आहेत," तो म्हणाला.

डेल निघाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. निरोप घेताना त्याने लूडीला हळूच विचारलं, "तिथे नदी आहे का रे?"

नव्हती. दुसऱ्या उन्हाळ्यात डेल परत आला आणि पुन्हा कधी मैदानावर फिरकला नाही. एमेट मात्र डेलची निवड झाल्यावर पुढच्या सोमवारीच भट्टीवर गेला होता. बावीस वर्षं त्याने तिथे काढली, कारखान्याला कुलूप लागेपर्यंत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी तो लूडीच्या अंगणात आला. खांद्यात वाकलेला, उजव्या हातावर भाजल्याचे चट्टे. लूडीने तळघरातून मला काढलं. माझ्यात कोरा पिवळा स्पंज घातला आणि कुंपणापाशी उकिडवा बसला. गुडघे कडकडले.

"फेक."

एमेटने फेकला.

"आई गं!" लूडी हात झटकत ओरडला. "अजून लागतो रे तुझा चेंडू!"

एमेट दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "स्पंज आहे ना आत?"

"आहे."

"मग बरंय."

मित्रांनो, मी आजवर पुष्कळ थापा मारल्या, पण हे खरं सांगतो. तो चेंडू मला लागला नाही. पाखरू बसावं तसा येऊन बसला. पुढच्या वसंतात एमेट गेला.

लूडी अजून कधीमधी तळघरात येतो आणि वाकडी बोटं माझ्यात घालतो. तुमच्यापैकी कोणाच्या हाती मी कधी लागलोच, तर मला थोडं तेल चोळा, अंगठ्याला ठिगळ लावा. आणि कोणाच्या जिती-हारी पाटीवर वाचून त्याला तोलायला निघालात, तर आधी त्याचा चेंडू झेलणाऱ्याचा तळवा उघडून बघा. तो खिशात लपवत असेल तर ओढून बाहेर काढा. माझ्यातला स्पंज मात्र काढू नका. तो तिथे बावीस वर्षं उशिरा आला आहे.