पुष्करला सोडलेले रंग

तारावन्सं कुणावर कधी ओरडल्या नाहीत. मधुमती लग्न होऊन त्या घरात आली त्याला बरीच वर्षं झाली, पण वन्संचा आवाज देवघरातल्या घंटेच्या वर गेलेला तिने ऐकला नव्हता. भाजीत मीठ जास्त पडलं तर त्या म्हणायच्या, "असू दे हो, चुकतं माणसाचं," आणि ताट हलकेच बाजूला सारून उपाशी उठायच्या. मग दिवसभर उमाकांत बायकोशी बोलायचा नाही. मूलबाळ नव्हतं, त्यावरूनही वन्सं कधी तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त दर सोमवारी शेजारपाजारची पोरं गोळा करून तिच्याच हातून त्यांना खाऊ वाटवायच्या.

ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं तेव्हा त्या माहेरी परतल्या होत्या, आणि आईवेगळ्या धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचा मोठा केला होता. उमाकांत विम्याच्या कचेरीत लागला, सांगलीहून बदली होऊन जयपूरला आला, तशा त्याही आल्या. बनीपार्कात भाड्याचं घर होतं. पहाटे गोविंददेवजीची मंगला आरती, दुपारी पोथी, एकादश्या, चतुर्थ्या, प्रदोष. मराठी मंडळात बायका त्यांच्या पाया पडत. घरातलं सगळं तिथीवर चाले. कचेरीची तारीख उमाकांतपुरती.

मधुमतीचं स्वतःचं असं त्या घरात एकच होतं, रंगांची पेटी. सांगलीच्या शाळेत तिने चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. उमाकांतला रजा मिळाली की तिघं कुठेतरी जात, चितोड, उदयपूर, आमेर. तिथे पोचलं की मधुमती एखाद्या पायरीवर बसायची, कागद ओला करायची आणि मग तिला कुणी हाक मारली तरी ऐकू यायची नाही. पाण्यात रंग आपल्या मनाने पसरतो, त्याला नुसती वाट दाखवायची असते. बाकी वर्षभर तिला वाट दाखवणारे पुष्कळ होते. म्हणून ते तास तिला देवासारखे वाटत. चित्र झालं की कोपऱ्यात ठिकाणाचं नाव आणि खाली तिथी. घराची सवयच तशी होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात ते अबूला गेले. निर्जळा एकादशी होती. वन्सं सकाळीच म्हणाल्या होत्या, "तुम्ही दोघं खा-प्या हो. मी काय, थेंबसुद्धा नाही घ्यायची." संध्याकाळी तिथल्या नक्की नावाच्या तलावावर उमाकांत नावेत गेला आणि वन्सं "जरा सावलीत टेकते" म्हणत लांब झाडाखाली जाऊन बसल्या. मधुमती पलीकडच्या पायऱ्यांवरून चित्र काढत होती. डोंगर झाला, पाणी झालं, झाड झालं. सगळं छान होतं आणि सगळं मेलेलं होतं. हिरवं आणि निळं, निळं आणि हिरवं. तेवढ्यात तिला झाडाखाली एक लाल ठिपका चमकलेला दिसला. सरबतवाल्याचा पेला होता. गुलाबाच्या सरबतातून मावळतीचं ऊन आरपार जात होतं आणि पेला वन्संच्या ओठांना लागला होता.

तिने ब्रश बुडवला आणि तो ठिपका ठेवला. चित्र एकदम श्वास घेऊ लागलं. पांढऱ्या साडीतली एक पाठमोरी बाई, मान किंचित वर आणि एका बाजूला वळलेली, आणि हातात तो पेला. मग सवयीने कोपऱ्यात लिहिलं: नक्की तलाव, ज्येष्ठ शुद्ध एकादशी. लिहून झाल्यावर काय लिहिलं ते तिच्या ध्यानात आलं. मुद्दाम लिहिलं नव्हतं. पण तिने ते खोडलंही नाही.

श्रावणात उमाकांतला टायफॉइड झाला, चांगला अंथरुणाला खिळला. दोघी बायका आळीपाळीने उशाशी बसल्या. तो उठून हिंडू-फिरू लागला तोवर गणपती आले. मंडळाच्या उत्सवात दरवर्षी बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन असे. मधुमतीने आपली चित्रं दिली. दोरीवर चिमटे लावून ती टांगली होती. आरती झाली आणि बायकांची गर्दी झाली.

"अगंबाई, ही पाठमोरी कोण गं? तारामावशी ना?" विजयमाला म्हणाली. ती छावणीतल्या एका मेजरची बायको, तोंडाने भलती फटकळ. "मावशी, परवा तर तुम्ही सांगत होतात, अबूला निर्जळा केली, जीभ टाळूला चिकटली म्हणून!"

"केली की," वन्सं मऊपणे म्हणाल्या.

"मग हे गुलाबी गुलाबी काय पिताय? तीर्थ?"

एकीने कोपऱ्यातली तिथी मोठ्यांदा वाचली. आधी कुणीतरी पदर तोंडाला लावला, मग सगळ्याच हसल्या. वन्संच्या पाया पडायला आलेल्या एका नव्या नवरीने वाकता वाकता तशीच पाठ सरळ केली. मधुमती मखराजवळ उभी होती. ती हसली नाही. पण "ती वन्सं नव्हेत, दुसरीच कुणी बाई आहे," एवढं एक वाक्य तिला म्हणता आलं असतं, आणि तेही ती म्हणाली नाही.

घरी परतताना टांग्यात वन्सं म्हणाल्या, "हात छान आहे हो तुझा. अगदी हुबेहूब काढतेस." त्यांनी मधुमतीच्या गुडघ्यावर थोपटलं. तो हात गार होता.

पुढे त्या विषयावर घरात चकार शब्द निघाला नाही. कार्तिकी पौर्णिमा जवळ आली तेव्हा वन्संनीच भावापाशी गोष्ट काढली, "उमा, दुखण्यातून उठलास. पुष्करला स्नान करून येऊ या रे. मी बोलले होते ब्रह्मदेवाला."

अजमेरहून गर्दीने कोंबलेली बस, जत्रेतले उंट, धूळ. मधुमतीने पेटी बरोबर घेतली होती. घाटावर पहाटेचं धुकं पाण्यावर रांगत होतं आणि हा राखाडी रंग निळ्यातून काढावा की तपकिरीतून, एवढंच तिच्या डोक्यात होतं. स्नानं झाली. नंदकिशोर नावाचा तिथला पंडा, तीर्थावरचा भटजी, दर्भ आणि तांब्या घेऊन समोर बसला. ओलेत्या अंगाने मधुमतीने ओंजळ पुढे केली.

"बोलिए बाईजी, तीरथ पर क्या छोड़ेंगी?"

तीर्थाला गेलं की काहीतरी सोडायचं, एखादं फळ, एखादी भाजी, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक. शहाण्या बायका आपल्याला न आवडणारं काहीतरी सोडून मोकळ्या होतात. मधुमतीनेही घरूनच ठरवून ठेवलं होतं.

"कारलं," ती म्हणाली.

"कारलं तू कधी खाल्लंयस?" वन्संनी हसून विचारलं. "तीर्थावर अशी लबाडी करू नये गं. आवडीचं सोडायचं असतं. आणि तू काय स्वतःसाठी सोडणारेस? नवरा नुकता मरणाच्या दारातून परत आलाय." मग त्या भावाकडे वळल्या. "उमा, तूच सांग बाबा. हिला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

उमाकांत टॉवेलने डोकं पुसत होता. त्याने फारसा विचार केला नाही. "हिला? रंग! माझ्याहून जास्त," तो हसत म्हणाला. आपण मोठा विनोद केला असं त्याला वाटलं.

पंडाही हसला. मागे रांगेत उभी असलेली एक मारवाडी बाई म्हणाली, "अच्छा छै, पती वास्ते छोड़ दे बेटी." मधुमतीने नवऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा थांबवील, असं तिला वाटलं. तो थंडीने कुडकुडत होता आणि त्याला लवकर चहा हवा होता.

"सोडायचं की नाही, तुझ्या मनावर आहे हो," वन्सं अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "माझी जबरदस्ती नाही. कारलं तर कारलं. नवऱ्याच्या नावाने कारलं सोड."

"रंगच," मधुमती म्हणाली आणि पंडाने मंत्र सुरू केला. तिच्या बोटांवरून पाणी ओघळून तळ्यात पडलं. तिच्या नावापुढे, गोत्रापुढे, पतीच्या दीर्घायुष्यासाठी रंगांचा त्याग उच्चारला गेला. वन्संनी तिच्या पिशवीतून पेटी काढली आणि दक्षिणेबरोबर पंडाच्या पुढ्यात ठेवली. "सोडलेली वस्तू घरात ठेवू नये. मोह होतो," त्या म्हणाल्या. "हे काही व्रत नव्हे, उद्यापन करून सुटायला. सोडलं ते सोडलं. हात लावलास तर ज्याच्या नावाने सोडलं, त्याच्यावर येतं सगळं."

धुकं तोवर विरून गेलं होतं. पाणी कोणत्या रंगाचं आहे ते मधुमतीने पाहिलं नाही.

हिवाळा तसाच गेला. तिने लोकरीचं विणकाम केलं. बोटं कामात असली की बरं असतं, असं वन्संच म्हणाल्या होत्या. कधी कधी स्वयंपाकघरात हळदीचा हात पाण्यात बुडवला की ती तिथेच उभी राहायची, मग पाणी ओतून द्यायची.

फाल्गुनात एका संध्याकाळी उमाकांत घाईघाईने घरी आला. बगलेत मोठी गुंडाळी होती. त्याच्या मोठ्या साहेबांची दिल्लीला बढती झाली होती. जाण्याआधी ते माणसांच्या नेमणुका लावून जाणार होते, आणि उमाकांतचं नाव लांब वाळवंटातल्या बाडमेरला लागलं होतं.

"पण मेमसाहेबांनी गणपतीत तुझी चित्रं पाहिली होती. आमेरच्या किल्ल्याची दोन चित्रं करून द्या म्हणाल्या, दिल्लीच्या बंगल्यात लावायला. साहेब हसून म्हणाले, मतलब उमाकांतजी, आपको तो जयपूर में ही रखना पड़ेगा! कळलं का?" त्याने गुंडाळी सोडली. जाड, दाणेदार विलायती कागद होता, आणि त्यात रंगांची नवी पेटी. "हे मेमसाहेबांनीच दिलंय. रविवारपर्यंत झालं पाहिजे."

मधुमतीने कागदावरून बोट फिरवलं. असा कागद तिने आयुष्यात पाहिला नव्हता. पाणी किती सुंदर धरेल हा, असं तिच्या मनात आलं आणि तिने बोट मागे घेतलं.

"मी रंग सोडलेत," ती म्हणाली.

"अगं, ते पुष्करचं काय घेऊन बसलीस!"

"तुमच्या नावाने सोडलेत. तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होणार आहे? ताई, सांग की हिला!"

वन्सं देवघराच्या उंबऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. बाडमेर ऐकल्यापासून त्यांच्या हातातली वात तशीच राहिली होती. बाडमेरला गोविंददेवजी नव्हते. जयपूरला आल्यापासून त्यांची मंगला आरती एकदाही चुकली नव्हती. अंगात ताप असताना त्या टांगा करून गेल्या होत्या.

"मधू," त्या म्हणाल्या, "नवऱ्याच्या कामासाठी काढलंस तर देव समजून घेतो गं. आपण प्रायश्चित्त घेऊ. पाप लागलं तर माझ्या अंगावर."

"तुमच्या अंगावर कसं येईल, वन्सं? यांच्या अंगावर येईल. तुम्हीच म्हणालात." मधुमतीचा आवाज वन्संइतकाच मऊ निघाला. आपला आवाज असा निघू शकतो, हे तिला स्वतःलाही नवीन होतं.

"ताई, असं काही नसतं म्हणून सांग ना एकदा!" उमाकांत वैतागला.

"हो," मधुमती म्हणाली. "तेवढं म्हणा, वन्सं. सोडलं-धरलं, उपासतापास, सगळं आपल्या मनाचं असतं, त्याने कुणाचं बरंवाईट होत नाही. एवढं देवासमोर म्हणा."

वन्संनी देवाकडे पाहिलं, मग भावाकडे. ज्या बाईला नवऱ्यामागे फक्त हे नेमच उरले होते, त्याच बाईकडे मधुमती हे मागत होती, आणि काय मागतोय ते तिला पुरतं कळत होतं. वन्संनी हातातली अर्धी वात खाली ठेवली.

"मनाचंच असतं," शेवटी त्या म्हणाल्या. शब्द जेमतेम ऐकू आले. "काही... काही होत नाही त्याने. मी रागाने सोडायला लावलं तुला. त्यात देव नव्हता. झालं?"

उमाकांतने सुटकेचा श्वास टाकला आणि पाण्याचा वाडगा आणायला आत धावला. मधुमतीने पेटी उघडली. सगळे रंग कोरे होते, कुणाचंही बोट न लागलेले. निळ्याला नुसता पाण्याचा स्पर्श पुरला असता. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने झाकण लावलं.

"तुमचा विश्वास नव्हता, वन्सं," ती म्हणाली. "माझा आहे."

उमाकांत वाडगा घेऊन दारात उभा राहिला. त्याने हात जोडले, मग आवाज चढवला, मग वाडगा भिंतीवर फेकला. मधुमतीने पोतेरं आणून पाणी टिपून घेतलं. वन्सं उंबऱ्यातून हलल्या नाहीत. रविवारी उमाकांतने पेटी परत नेऊन दिली. वाडग्यातलं पाणी उडून कागद कडांना दुमडला होता, तो न्यायची त्याला लाज वाटली.

बाडमेरला निघायच्या दिवशी सामान बांधून होत आलं होतं. पहाट फुटायची होती. गल्लीतून बायका आरतीला निघाल्याचा आवाज आला, वन्संना नेहमीप्रमाणे एकीने हाक मारली. वन्सं उठल्या नाहीत. त्या वळकटीवर बसून होत्या.

"जाऊन या ना," मधुमती म्हणाली. "गाडीला वेळ आहे अजून. शेवटचं दर्शन."

"कशाला?" वन्सं म्हणाल्या.

मधुमतीने मान डोलावली. तिने देवघरातली समई उचलली, तो जाड विलायती कागद फाडला आणि तिच्याभोवती घट्ट गुंडाळला. कागद फार चांगला होता. सहज फाटत नव्हता. तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.