परवा, मागचं दार

कानामात्राबाईंनी दोन्ही अंगठे एकदम दाबले आणि पडद्यावरचा गुप्तहेर घड्याळाच्या दुकानातल्या भिंतीवर जाऊन आपटला. पुन्हा आपटला. तिसऱ्या खेपेला त्याला दार सापडलं, पण आत जायचं सोडून तो उंबऱ्यावरच गोल गोल फिरत राहिला.

"डावा अंगठा चालायला, उजवा उघडायला," समोरून टीमचा लीड म्हणाला. "बाई, खेळायची खरंच गरज नाहीये. ओळींचा तक्ता दिलाय ना तुम्हाला? तो वाचा आणि सही करा."

"लोक तक्ता विकत घेणार आहेत का?"

"नाही."

"मग मी खेळच तपासणार."

हातात मावणारा तो कन्सोल बाईंनी आज सकाळपर्यंत कधी धरला नव्हता. चौतीस वर्षं त्यांच्या हातात लाल पेन होतं, आणि ते इतकं निष्ठुर चालायचं की कार्यालयात त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. टोपणनाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या कार्यालयात परदेशी खेळ मराठीत आणले जात. पूर्वी ओळ न् ओळ माणसं करायची, आता यंत्र करायचं आणि बाई तपासायच्या. वरच्या मजल्यावरच्या साहेबांना तेवढंही नकोसं झालं होतं. शेवटची संधी म्हणून त्यांनी हा एक खेळ दिला होता. खेळ अडेल अशी यंत्राची एक जरी चूक बाईंनी आज पाचपर्यंत दाखवली, तर मुद्रितशोधनाचं टेबल राहील. नाही तर एक तारखेपासून टेबल बंद आणि बाई घरी. "तसंही घरी बसायचं वय झालंय त्यांचं," असं बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं. लीडने ते त्यांना सांगितलं नव्हतं, पण भिंतींना कान असतात.

लीड हा बाईंच्याच हाताखाली तयार झालेला. रफार कुणाच्या डोक्यावर पडतो, हे त्याला याच टेबलाशी बसवून त्यांनी शिकवलं होतं. आता तो त्यांचा साहेब होता, आणि ते त्याला अजून जड जात होतं.

"एक चूक द्या मला, बाई," सकाळपासून तो चौथ्यांदा म्हणाला. "एकच. पुढचं मी बघतो."

खेळ दोन तासांचा होता. बाईंना साडेतीन लागले होते आणि त्या अजून तिसऱ्या कोड्यावर होत्या. घड्याळजी सोमवारपासून बेपत्ता, संशय त्याच्या बहिणीवर. ही बहीण काउंटरमागे उभी राहून सारखी एकच वाक्य बोलायची, "मी काही केलं नाही." मोठ्या घड्याळाच्या पोटात बाईंना एक चिटोरा सापडला. वर कोपऱ्यात लिहिलं होतं 'बुधवार' आणि खाली एवढंच: 'परवा. मागचं दार.'

चिटोरा मिटला आणि सात दिवसांची चकती समोर आली. मागच्या दाराशी कुठला दिवस तपासायचा? दिवस निवडा. संधी एकच.

बाईंनी चष्मा वर केला. चिटोरा बुधवारचा. घड्याळजी गेला सोमवारी. म्हणजे कुणीतरी बुधवारी नोंद करून ठेवली आहे की परवा, मागच्या दाराने, तो गेला. कोडं पोरकटच होतं. त्यांनी चकती सोमवारवर नेली आणि उजवा अंगठा दाबला.

शिपाई आले. बहिणीच्या हातात बेड्या पडल्या. 'मी काही केलं नाही,' ती म्हणाली, आणि पडद्यावर उमटलं: खेळ समाप्त.

बाईंच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या.

"ये रे इकडे," त्या म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीये तुझ्या यंत्राने."

लीड खुर्चीसकट सरकत आला.

"उत्तर शुक्रवार असणार," बाई बोटाने पडदा ठोकत म्हणाल्या. "बुधवारनंतर दोन दिवस. पण चिटोऱ्यावर लिहिलंय काय? परवा. काल म्हटलं की काल, उद्या म्हटलं की उद्या. परवा मात्र मागेही जातो आणि पुढेही. क्रियापद नसेल तर कोण सांगणार कुठला परवा? वाचणारा बरोबर वाचतो आणि तरी हरतो. याला खेळ अडणं म्हणतात की नाही?"

"म्हणतात!" लीड टेबलावर थाप मारत म्हणाला. "याहून काय हवं? थांबा, ओळीचा इतिहास काढतो. पुराव्यासकट पाठवू."

त्याने तक्ता उघडला, ओळ शोधली. त्याने पडदा थोडा स्वतःकडे वळवला, ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"फिरव इकडे."

पहिला मसुदा, यंत्र: 'दोन दिवसांनंतर. मागील दरवाजा.'

दुरुस्ती, मुद्रितशोधन टेबल: 'परवा. मागचं दार.'

त्या टेबलाला खुर्ची एकच होती. बाईंचे कान गरम झाले. चार महिन्यांपूर्वी तपासणीच्या पहिल्या फेरीत सहा खेळांचे तक्ते एकदम आले होते. खेळ कुणी पाहिलाच नव्हता. मूळ भाषेतली ओळ शेजारच्याच रकान्यात होती, तिच्याजवळ ठेवलेला परवा पुढचाच वाटणार. 'दोन दिवसांनंतर' वाचून त्यांनी नाक मुरडलं असणार, माणसं अशी बोलतात का, असं म्हणत ते झोकात खोडलं असणार. आठवत नव्हतं, पण आपला हात आपल्याला ओळखू येतोच.

लीडने आवाज खाली आणला.

"बाई, हा रकाना मला पुसता येतो. वर कोणी इतकं खोलात जात नाही. 'परवा' यंत्राचंच होतं, असं म्हणू."

बाई ती ओळ पुन्हा वाचू लागल्या.

"यंत्राचं काय जाणार आहे? ते काही तक्रार करणार नाही. त्याला कुठे घर आहे, कुठे नोकरी आहे?"

बाईंना ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. एक तारखेनंतरची सकाळ त्यांना रोज दिसत होती. चहा होऊन जायचा, पेपरातल्या चुकांवर खुणा करून व्हायच्या, आणि मग साडेआठच वाजलेले असायचे. त्यांनी कन्सोल उचलला. पडद्यावर बहीण अजून बेड्या घालून उभी होती.

"आत्ताच एकीला न केलेल्या गुन्ह्यात अडकवलंय मी," त्या म्हणाल्या. "आणखी कुणाला नको. यंत्र झालं म्हणून काय झालं."

"बाई, नोकरी जाईल."

"जाईल. माझी चूक माझ्या नावावर राहील. ती मी कुणाला देत नसते."

लीडने सुस्कारा सोडला. "मग यंत्राची ओळ परत लावतो."

"मुळीच नाही. घाईत खरडलेल्या चिटोऱ्यावर 'दोन दिवसांनंतर, मागील दरवाजा' कोण लिहितं? कारकुनाची नोटीस आहे ती." त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि एकच अक्षर वाढवलं. 'परवा या. मागचं दार.'

लीडने वाचलं. पुन्हा वाचलं.

"होऊन गेलेल्या परवाला कुणी बोलावत नाही," बाई म्हणाल्या. "चढव खेळात."

नवी ओळ चढवून त्यांनी खेळ पहिल्यापासून खेळला. या वेळी गुप्तहेर भिंतींना फारसा धडकला नाही. शुक्रवारी मागच्या दाराशी खरा चोर सापडला, घड्याळजी तळघरात जिवंत निघाला आणि बहिणीला तिचं दुसरं वाक्य मिळालं. तेही बाईंनी तपासलं. पाचला दहा मिनिटं होती.

अहवालात दोनच चौकटी होत्या. खेळ अडवणाऱ्या चुका, यंत्र: शून्य. माणूस: एक. लीडचं बोट पाठवायच्या बटणावर अडलं.

"एकदा विचार करा."

"विचार करूनच 'परवा' लिहिलं होतं मी. पाठव."

तो पाठवेना, तेव्हा बाईंनी हात लांब करून स्वतःच बटण दाबलं.

उत्तर पाच मिनिटांत आलं. जणू कुणीतरी ते लिहूनच बसलं होतं. लीडने ते मोठ्याने वाचायचं टाळलं, म्हणून बाईंनी खुर्ची जवळ ओढून स्वतः वाचलं. 'ठरल्या प्रमाणे मुद्रीतशोधन टेबल एक तारखे पासून बंद.'

"हे माणसाने लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"एका ओळीत तीन चुका आहेत. तुझं यंत्र एवढ्या करत नाही."

त्यांनी चष्मा नीट बसवला आणि उत्तर टाइप करायला घेतलं. त्यांना घाई नव्हती. 'मुद्रित: द्रि ऱ्हस्व. ठरल्याप्रमाणे, तारखेपासून: शब्द जोडून. दुरुस्त करून पुन्हा पाठवावे. एक तारखेपर्यंत हे टेबल चालू आहे.'